बारशाचं कुंकू आणि एक जर्मन विशेषण

४ फेब्रुवारी १९६८, रविवार. बसवकल्याण

भाची सुमन सकाळच्या बिदर गाडीनं आली. दवाखान्यातली रात्रपाळी करून तशीच. डोळे लाल, पण चहा नको, धडा पाहिजे. जर्मनीतल्या दवाखान्यांना नर्सा हव्यात, मिशनच्या सिस्टरबाई पुढच्या महिन्यात हैदराबादला मुलाखती घेणार, आणि साऱ्या तालुक्यात जर्मन येणारा इसम मी एकटा. कॉलेजात ही भाषा घेतली ती विद्येच्या ओढीनं नव्हे. त्या वर्गात मुलं चार आणि बाक भरपूर. माझ्या शेजारी कोण बसणार, हा प्रश्न आपोआप निकालात निघायचा.

नाव, गाव, वय, बापाचं नाव झालं. मग शब्द आला : लेडिश.

— मामा, ह्येचा अर्थ?

— बिनलग्नाची.

— मग मी काय सांगू? हाय म्हणू का न्हाई?

मी हसलो. ती हसली नाही.

खरंच की. तिच्या बारशाला तिच्या आईनं, माझ्या अक्कानं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं ते माझ्या नावानं. आमच्याकडं भाचीशी लग्नाचा पहिला हक्क मामाचा. मी एकवीस वर्षांचा, हैदराबादहून सुट्टीत आलेलो, लापशी खात होतो. "हाय का कबूल?" अक्का. तोंडात घास. मान हलवली. पुढं छप्पन साली धर्म बदलला, देव्हाऱ्यातले टाक ओढ्यात सोडले. ते कुंकू मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. आज मी त्रेचाळीस, बिनलग्नाचा. लोक म्हणतात, मास्तर भाचीसाठी थांबलाय. मास्तर थांबलेला नाही. मास्तर नुसता बसलेला आहे.

६ फेब्रु., मंगळ

जुना कोश काढला. वाळवीनं शेवटची अक्षरं खाल्लीत, हा शब्द वाचला.

मूळ : जुन्या जर्मनमध्ये "लिट" म्हणजे सांधा, अवयव. त्यावरून, बहुधा, लेडिश म्हणजे ज्याचे सांधे मोकळे फिरतात तो. ("बहुधा" हे कोशकाराचंच. शहाणा माणूस.) मग अर्थ झाला : कशात न अडकलेला. मग : धन्याच्या चाकरीतून सुटलेला. मग : पाठीवर स्वार नसलेला घोडा. आणि फिरत फिरत शेवटी : लग्न न झालेला, न झालेली. हिंडता-फिरता शब्द लग्नापाशी आला आणि तिथंच बसला. सगळ्यांचं तेच होतं.

एक जुना प्रयोग दिलाय : एखाद्याला "लेडिश बोलणे". म्हणजे चार लोकांत त्याला मोकळं जाहीर करणे.

तिथून पुढं पान उलटलं नाही. साप्ताहिकाला लेख पाठवायचा होता, तो राहिला.

९ फेब्रु., शुक्र

मधल्या सुट्टीत मास्तरांच्या खोलीत विषय काढला, लग्न न झालेल्याला काय म्हणाल. कानडीचे मास्तर : "मदुवे आगिल्ला." लग्न झालं नाही. संपलं. बाईला तेच, बुवाला तेच, म्हशीलासुद्धा तेच. उर्दूचे खानसाहेब माझ्याकडं बोट करून : "मुजर्रद बोल्ते. जिसका छिल्का निकल गया, वैसा. तुमारेच सरीखा, मास्टर."

मराठी सगळ्यांत श्रीमंत. पुरुष असेल तर सडाफटिंग. शब्दातच शीळ घातल्यासारखं वाटतं. बाई असेल तर घोडनवरी. एकाच अवस्थेची दोन नावं, एकात हवा खायला निघालेला, दुसऱ्यात बाजारात न खपलेली. जर्मन माणसानं दोघांना एकच शब्द दिला, शेपूट तेवढं वेगळं. हे न्यायानं केलं की कंजुषीनं, कोण जाणे.

११ फेब्रु., रवि

आज शेपटांचा धडा. सु. नेटानं बसली.

विशेषण नामापुढं उभं राहिलं की वाकतं. ह्यात आपल्याला नवल नाही, आपला "चांगला" पण वाकतो. पण ह्यांचं वाकणं पुढं कोण उभं आहे त्यावर. डेअर, डी, डास (तो, ती, ते) असा कर्ता माणूस पुढं असला की लिंग-वचन-विभक्ती तो सांगतो, विशेषण त्याच्यामागं खाली मान घालून नुसतं "ए" नाहीतर "एन" म्हणतं. डी लेडिगे फ्राउ, ती बिनलग्नाची बाई (शेपूट लागलं की "श"चा "ग" होतो). "त्या बाईबरोबर" म्हणायचं झालं की मिट डेअर लेडिगन फ्राउ. पुढं "आइन", म्हणजे एक, असला, तर तो थोडा कच्चा कर्ता. पुरुषाचं नाम आलं की त्याला लिंग सांगता येत नाही, मग विशेषणालाच बोलावं लागतं : आइन लेडिगर मान, एक बिनलग्नाचा पुरुष. आणि पुढं कोणीच नसेल तर सगळा भार विशेषणावर. ह्या रूपाला ते सबळ म्हणतात, मघाच्या वाकलेल्याला दुर्बळ.

सु. : म्हंजे म्होरं कुणी नसलं तरच सबळ?

मी : व्याकरणात.

सु. : बाहीर काय येगळं हाय?

नपुंसकलिंगाला उदाहरण घेतलं, लेडिगेस किंड, किंड म्हणजे पोर. कोश बघितला तर अर्थ : लग्नाबाहेरचं पोर. लग्न आईनं केलं नाही, शेपूट लेकराला. सु. म्हणाली, ह्यांचे पुढारलेले लोक पण आपल्या आळीतलेच दिसायलेत.

शेवटी सांगितलं की नाम नसेल, नुसतं क्रियापदाच्या बाजूला बसलं, तर ह्या विशेषणाला शेपूटच नाही. तो लेडिश, ती लेडिश, मी लेडिश. तिनं पेन्सिल ठेवली. "मला येवढंच पाठ करू द्या मामा. बाकीचं तिकडं गेल्यावर."

आणि तर-तम पण नाही ह्या शब्दाला. कोणी कोणापेक्षा जास्त लेडिश असू शकत नाही. हे मात्र मी तिला सांगितलं नाही. माझ्याकडं बघून काहीतरी बोलली असती.

१८ फेब्रु., रवि

अक्काच्या गावी, कोहिनूरला, जाऊन आलो. तूर पाखडत बसली होती. सूप काही खाली ठेवलं नाही.

— अक्का, सुमनचं काय ठरवायलीस?

— त्यात ठरवायचं काय? ठरल्यालंच हाय. वैशाखात उरकून घेवा. मग जावा म्हण कोन्त्या देशाला जायचं त्या.

— लग्न झालेल्या न्हाई घेत ते. बिनलग्नाच्याच लागतेत.

— मग ऱ्हाऊ दे हितंच. गोऱ्यांचं हागणं-मुतणं काढायला कामून जायाचं? हितले का कमी हागायलेत?

दाजी बाजेवर पडून. म्हटलं, दाजी, तुमचं काय म्हणणं?

— मला काय इचारतूस? लगीन झाल्यापासनं मी ह्या घरात पाव्हणा हाय.

निघताना अक्का वेशीपर्यंत आली. सूप तेव्हाही काखेत. "नामा, तू हाईस म्हणून मी निवांत हाय रे. तिकडनं आली पस्तिशीची होऊन, कोण करून घेतंय तिला? आन तिकडंच कुणी गोरं गळ्यात पडलं तर? तू सोडलास की तिच्या मागं कोण हाय?"

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि गाडीकडं चालू लागलो.

२० फेब्रु., मंगळ

नववीच्या वर्गात काल शिकवलेला धडा परत शिकवला. पोरांनी सांगितलं नाही. हरामखोर. संध्याकाळी तलावावर चकरा. किल्ल्यापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. किल्ल्याजवळच्या पानवाल्यानं विचारलं, "मास्टर, कुछ गुम्या क्या?"

हौ, बोललो. सापडलं की सांगतो.

मला ती बायको म्हणून नको. हे कधी शंकेचं नव्हतं. ती रांगत असताना मी तिचं नाक पुसलेलं आहे. मग बावीस वर्षं तोंडानं एकदा तरी "नको" का म्हटलं नाही? विचारलं कुणी नाही, हे खरं. पण तेवढंच खरं असतं तर इतक्या चकरा लागल्या नसत्या.

२५ फेब्रु., रवि

मिळालं उत्तर. सु.नंच दिलं, आणि धडा चालू असताना.

शेजारच्या काकू डोकावल्या होत्या, मंठाळचं एक स्थळ आहे म्हणून, मास्तरांसाठी, विधवा आहे पण शाळा शिकलेली. मी सवयीनं म्हटलं, "काकू, भाची हाय की आमची." काकू गेल्या. सु. खाली बघत होती. मग म्हणाली :

— मामा, तुमचं लई बरं हाय. कुणी स्थळ आणलं की भाची हाय की. वीस वर्षं माझ्या आडोशाला बसलाव की तुमी.

मी कोश उघडला.

— मी बांधलेली म्हणून तुमी मोकळे. खरं का न्हाई?

जर्मनमध्ये सांग म्हटलं. वेळ काढायला. सांगितलं तिनं. दोन चुका. दुरुस्त केल्या, दुसरं काय करणार होतो.

लोकांवर लिहून लिहून नाव झालं, सरपंच सोडला नाही, संपादक सोडला नाही. घरातल्या पोरीनं दोन वाक्यांत माझा लेख लिहून टाकला. छापायला द्यावा इतका चांगला.

ठरलं. रीतीनं सोडायची. चार लोकांत. "बोलून" टाकायचं.

३ मार्च, रवि

रीत अशी : हक्क सोडायचा तर मामानं पाच माणसांसमोर भाचीला चोळी-बांगडी करायची. बायको होणारीला कोणी चोळी-बांगडी करत नाही, ती लेकीला, बहिणीला. तिनं हातात घेतली की ती लेक झाली, मामा बाप झाला, हक्क गेला. पुन्हा तोंडातून काढायचं नाही.

बाजारात गेलो. कापडवाला म्हातारा, लहानपणापासून ओळखतो. खण दाखवता दाखवता : "किसके वास्ते, मास्टर? इत्ते साल में पैली दफे जनाना कपडा लेरैं."

लेकीसाठी, बोललो.

"लेकी?" चष्म्यावरून बघितलं. "शादी कब हुई?"

हिरवा घेतला, तांबड्या काठाचा. बांगड्यांसाठी कासारणीनं माप विचारलं. माप माहीत नाही. जिच्यावर बावीस वर्षं हक्क, तिच्या हाताचं माप माहीत नाही. अंदाजानं घेतल्या.

मन हलकं. वर्गात पोरांना एक गोष्ट सांगितली, चक्क हसलो. अक्काला निरोप : पुढच्या रविवारी माणसं बसवावीत. तिचा उलटा निरोप काही नाही. म्हणजे रागावली, पण बसवील. भाऊ म्हणतो तर करील, ही पण एक रीतच.

१० मार्च, रवि

कसं लिहू?

कोहिनूरला पाच माणसं बसली. मध्ये इठोबाअप्पा, आळीतले सगळ्यांत म्हातारे. मी घडी मोडलेला सदरा घालून. अक्का उंबऱ्यात, तोंड पलीकडं. सु. बिदरहून आली, नर्सेचं घड्याळ हाताला. मी भाषण तयार केलं होतं, लहान, वर थोडा विनोद. केलं. इठोबाअप्पा म्हणाले, "कर पुडं."

मी खण-बांगड्या पुढं केल्या. तिनं हात मागं घेतले.

— मामा, कापड चांगलं हाय. पण मी घेणार न्हाई.

— आगं...

— घेटलं म्हंजे आजपत्तूर मी बांधलेली होते असं व्हईल. मला बांधलंच न्हवतं कुणी. मग सोडायलाव कुणाला?

कोणी खोकलं. इठोबाअप्पा : "ही तर वकील हाय की रं."

अक्का वळली. "कुंकू लावलंय मी! ह्या हातानं!"

— माय, लावलं तूच. आन दुसऱ्या दिशी न्हाऊ घालताना पुसलं बी तूच.

पाचांपैकी एक हसला, मग थांबला. इठोबाअप्पांनी बराच विचार केला, तंबाखू मळली, आणि निकाल दिला : पोरीनं हातात घेतली नाही, म्हणजे सुटली नाही. हक्क जागच्या जागी.

म्हणजे मी सोडली आणि ती माझ्याकडंच राहिली. सोडायला मोठ्या मनानं गेलो होतो. मोठं मन घेऊन परत आलो, मांडीवर खणाची पिशवी. गाडीत शेजारच्या बाईनं कापडाचा दर विचारला.

जाताना सु. एवढंच म्हणाली : "रागावू नका मामा. तुमी चांगलंच करायलाव. पण तुमी दिल्यालं माझं कसं व्हईल?"

१२ मार्च, मंगळ

रागावलो नाही. रागावलोय. दोन्ही.

लेडिशचा अजून एक प्रयोग सापडला, षष्ठी घेऊन : अमक्याचा लेडिश. काळज्यांचा लेडिश, कर्तव्यांचा लेडिश. म्हणजे त्यातून सुटलेला. जुनाट, पुस्तकी, कोश म्हणतो. आता बोलत नाहीत.

बरोबर आहे. तसा माणूस आता मिळत नसणार.

अक्काचा निरोप : सु.नं घरात पाय ठेवायचा नाही, ठेवला तर अक्का स्वतः विहीर जवळ करील. विहिरीला पाणी नाही ह्या दिवसांत, पण हे अक्काला सांगणार कोण. दाजींचा वेगळा निरोप, त्याच माणसाच्या तोंडी, हळू आवाजात : पोरीला गाडीभाड्याचं काय लागलं तर मास्तरनी बघावं.

२४ मार्च, रवि

सु. हैदराबादहून परस्पर इथं. मुलाखत झाली. पंखा होता, पाणी दिलं, सिस्टरबाई जाड्या आणि हसऱ्या. नाव विचारलं, सांगितलं. इंजेक्शन कसं देतेस, हातांनी करून दाखवलं. मग :

"झिंट झी लेडिश?"

— म्हणले, या, इश बिन लेडिश. (होय, मी बिनलग्नाची.)

— बास?

— मग इचारलं, घरच्यांना पसंत हाय का. मी म्हणले, आईला अजून समजलं न्हाई मी लेडिश हाय ते. त्या लई हसल्या. मी न्हाई हसले. मग त्या बी गप झाल्या.

चहा प्यायली. मग पहिल्यांदाच माझ्या घरात रडली. नर्सा रडतात ते पण नीटनेटकं, नाक आधी पुसून. "मी जाणार मामा. मायनं न्हाई म्हणलं तरी जाणार. पण परत याया घर पायजे का न्हाई? दार लावून घेटलं तर मी कुटली?"

आता कळलं, अडलंय कुठं. जाणं नव्हे, मागं दार उघडं राहणं. ते माझ्या हातात नाही, कुठल्या रीतीत नाही. अक्काच्या हातात आहे.

मी तिला म्हटलं, माझं दार आहे. म्हणाली, "तुमचं हायच की." आणि पुन्हा रडली. म्हणजे त्यानं भागत नाही.

२ एप्रिल, मंगळ

निवड झाली. पावसाळ्याआधी निघायचं. शाळेच्या पत्त्यावर कळवलंय, हेडमास्तरांनी फोडून वाचलं, मग माझं अभिनंदन केलं. "जर्मनीला? तुमची... भाची ना?" मधली जागा त्यांनी रिकामी ठेवली, मी पण भरली नाही.

कोहिनूरला जाऊन अक्काला सांगितलं. ऐकलं. चुलीत लाकूड सारलं. "इठोबाअप्पाला सांग, रविवारी बसा म्हणावं. ह्या खेपंला मी बसवायलेय." कशासाठी, विचारलं. तिनं फुंकणी उचलली. तीन आठवड्यांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, त्यामुळं जास्त ताणलं नाही.

सु.ला कळवलं. उलट निरोप : माझी ड्यूटी आहे, मी येणार नाही. मला कोणी आणखी सोडायचं नाही नि बांधायचं नाही. खरं तर ड्यूटी बदलून मिळते. घाबरलीय.

७ एप्रिल, रवि. कोहिनूर

इथंच लिहितोय, लिंबाच्या सावलीत. ऊन भाजतंय. दुसरं काही करायला नाही.

बसली माणसं. तीच पाच. मी, दाजी. दाजी आज चक्क बाजेवरून उठून बसलेत, टोपी घालून. इठोबाअप्पांनी सुरुवात केली, "पोरगी कुटाय?" अक्का पदर खोचत बाहेर आली.

— ड्युटीवर हाय. तिच्या जागी मी बोलते.

— तू तर तिच्या उलट्या बाजूची की गं.

— ते माजं मी बघते.

इठोबाअप्पा माझ्याकडं वळले. मी मान हलवली. ह्या वेळी तोंडात घास नव्हता. म्हटलं, अक्का म्हणंल ते. आणि म्हणून झाल्यावर ध्यानात आलं, अक्का काय म्हणंल ते मला ठाऊक नाही. तिनं नाही म्हटलं तरी सु. जाईल, पण हे दार लागेल. हो म्हटलं तर अक्काला उरलेलं आयुष्य आळीला उत्तर देत बसावं लागेल, पोरगी सोडली कुणावर म्हणून. ती ह्यातलं कुठलं उचलील? लहानपणी मी रडलो की ती आधी मारायची, मग जवळ घ्यायची. कधी कधी उलटं.

अक्कानं सगळ्यांकडं एकदा बघितलं. दाजींकडं जरा जास्त. तोंड उघडलं. आणि म्हणाली, "आदी च्या घेवा," आणि आत गेली.

तेव्हापासून आम्ही वाट बघतोय. इठोबाअप्पांची तंबाखू मळून मळून भुकटी झाली. एक जण म्हणाला, च्या करायलीय का लापशी? कोणी हसलं नाही. दाजी जागचे उठले, दारापर्यंत गेले, आत बघितलं, परत येऊन बसले.

— काय करायलीय? मी.

— काय न्हाई. च्या उकळून उकळून आटायलाय. ती स्टोव्हापुढं हुबी हाय.

— रडायलीय?

— न्हाई. बोलायलीय. एकलीच. काय सांगायचं ते आदी म्हणून बघायलीय.

आत्ता स्टोव्हचा आवाज बंद झाला. कपबशा वाजल्या. येतेय.